रोज सकाळी खाली उतरणारं घर

मी भविष्यातल्या शहरांच्या गोष्टी लिहिते, आणि आमच्या घरात त्या कुणी वाचत नाही. बाबांनी एकदाच एक वाचली, आणि तिथेच घोळ झाला.

बाबांची जुनी इमारत पाडायची होती. पुनर्वसन कचेरीने माझ्याकडे गोष्ट मागितली: पन्नास वर्षांनंतरचं आमचं डोंगराळ शहर, छोंगछिंग. मी लिहिलं की डोंगरावरची घरं सकाळी रुळांवरून नदीकाठी उतरतात, म्हातारी माणसं थेट चहाच्या दुकानासमोर दार उघडतात आणि संध्याकाळी घरच त्यांना वर नेतं. कचेरीने ती गोष्ट माहितीपत्रकात छापली.

रहिवाशांना दोन पर्याय होते. इथेच, माझ्या गल्लीला लागून एक खोली, नाहीतर शहराच्या टोकाला डोंगरावर तीन खोल्या. जो आधी अंगठा देईल त्याला आधी निवड. आजचा दिवस शेवटचा होता.

"डोंगरावरचं घेतोय," बाबा नूडल्स ओढता ओढता म्हणाले.

"मग चहाच्या दुकानातला तुमचा माजोंगच्या डावाचा अड्डा? रोज खाली कसे येणार?"

"घरच येईल की! तूच लिहिलंयस ना?"

"अहो, ती गोष्ट आहे. मी मनाने रचलीय."

"छापलीय ती. खाली लाल शिक्का आहे. माझ्या मनातल्या गोष्टींवर मारतं का कुणी शिक्का?"

"करारात एकतिसावा मजला लिहिलाय, बाबा."

"तो रात्रीच्या मुक्कामाचा."

मी कपाळावर हात मारला आणि त्यांना घेऊन कचेरी गाठली. म्हटलं, तिथली माणसंच काय ते सांगतील.

दारातच काचेच्या पेटीत नव्या वस्तीचा नमुना होता. डोंगरउतारावर बारीक रूळ, आणि रुळांवर काड्यापेटीएवढी घरं! मला धडकीच भरली.

"हे रूळ कसले?" मी विचारलं.

"तुमच्या गोष्टीवरूनच केलंय, बाई," मियाओ नावाची कारकून मुलगी कौतुकाने म्हणाली.

"पण खरंच बांधणार आहात?"

"अभ्यास चालू आहे."

"कोण करतंय अभ्यास?"

ती गोंधळली. "मला वाटलं, आमच्या वरच्यांना विचारूनच तुम्ही लिहिलं असेल."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू डाव जिंकला. आणि खरं सांगते, माझंही मन डळमळलं. या शहरात इमारतीच्या पोटातून रेल्वेगाडी जाते. जिन्याने बावीस मजले चढावे, तर वर पुन्हा रस्ता लागतो. बाबांनी ज्या गोष्टी थापा म्हणून उडवून लावल्या, त्यांची एकेक करून उद्घाटनं झाली. मग हीच तेवढी थाप कशावरून? कदाचित कुणी तरी खरंच आकडेमोड करत बसलं असेल. माझ्या गोष्टीवरून! मला लाज वाटली आणि आत कुठे तरी गुदगुल्याही झाल्या.

बाबांनी सही केली, अंगठा लाल शाईत बुडवला आणि तो कागदावर टेकवण्याआधी थांबले.

"याओमेइ, शेवटचं विचारतो. येईल ना घर खाली?"

हो म्हणवेना. नाहीही म्हणवेना.

"मला माहीत नाही, बाबा."

"माहीत नव्हतं, तर लिहिलंस कशाला?"

मी म्हटलं, "इथली एक खोली घ्या. मी रोज येते तशी येत जाईन. आपण दोघं जेवत जाऊ."

त्यांनी लाल अंगठ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अड्ड्यावरच्या माझ्या तिघा भिडूंना मीच तुझी गोष्ट वाचून दाखवली. त्यांना पटेना, तर म्हटलं, माझी पोरगी खोटं लिहीत नाही. सकाळीच तिघांनी डोंगरावरच्या घरासाठी अंगठे दिले. आता मी खाली राहू?"

आणि त्यांनी अंगठा दाबला.

मियाओने पावती दिली. बाबांनी ती घडी घालून खिशात ठेवली, अंगठा पुसला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या गल्लीतून तिथे बसने यायला किती वेळ लागतो गं?"

एवढं मात्र मला पक्कं माहीत होतं.

"पावणेदोन तास," मी म्हटलं.