सोमारीच्या मोहाची तारीख

हेमराजच्या तोंडात ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द खर्ऱ्यासारखा कायम कोंबलेला असे. धानोऱ्यातल्या बचतगटांचा रानमेवा ऑनलाइन विकणारं दुकान इंदुताई चालवायच्या आणि त्याची वेबसाइट हेमराज चंद्रपुरात कूलरसमोर बसून सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे, इंदुताईंनी काही विचारलं की ‘तुम्हाला नाही समजणार’ असं निरनिराळ्या सुरांत सांगायचा. त्यांना खरंच समजत नसे. पण माणूस समजायला कॉम्प्युटर शिकावा लागत नाही, आणि हा माणूस त्यांना पहिल्याच दिवशी समजला होता. स्वस्तात मिळाला म्हणून ठेवला, इतकंच.

त्या सकाळी दुकानाला मोह देणारी सोमारी आली आणि पायरीवरच थांबली. एरवी सरळ आत येऊन माठातलं पाणी घेणारी बाई.

“बाई, म्या तुमचं काय वाकडं केलं?”

“काऊन वं, काय झालं?”

“तुमच्या दुकानात लिवून हाय का म्या काल मोह वेचला. अजून पंडुम व्हाचा हाय ना!”

पंडुमाच्या सणात पहिली फुलं देवाला दाखवतात. ते झाल्याशिवाय सोमारीच्या गावात झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. उचललंच, तर नेम मोडला. गावची पूजा करणारा गायता सुकलू. त्याला कोणीतरी फोनवर दुकानातलं सोमारीचं पान दाखवलं आणि त्यानं सांगून टाकलं, यंदा हिची टोपली देवापुढे ठेवायची नाही. टोपली नाही म्हणजे एकटी बाई गावात असून नसल्यासारखी.

इंदुताईंनी फोन उघडला. सोमारीचा हसरा फोटो, गेल्या उन्हाळ्यात वाळवलेला मोह, आणि खाली ‘वेचल्याची तारीख’. चक्क कालची. त्यांनी हेमराजला फोन लावला.

“ते ऑटोमॅटिक आहे, ताई. डेटाबेसमध्ये एक कॉलम आहे. मालाच्या ओळीत काहीही बदललं का त्या दिवशीची तारीख स्वतःच बसते. मी काल तिचा फोटो बदलवला, जरा उजळ लावला.”

“अन् वेचल्याची तारीख कुठी हाय?”

“वेगळी नाही ठेवली. एकाच कॉलममध्ये काम होऊन राह्यलं होतं ना.”

“मंग गेल्या वर्षीची टाक.”

“टाकली. नाही, थांबा, आता आजची आली. मी हातानं लिहिलं तरी ते आजचीच बसवते. पाहा, कसं परफेक्ट चालून राह्यलं!”

स्वतःच्या मूर्खपणाचं इतकं कौतुक इंदुताईंनी आजवर फक्त निवडून आलेल्या माणसांतच पाहिलं होतं. त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, सोमारीला स्कूटीवर मागे बसवलं आणि तिचं गाव गाठलं.

सुकलू मांडवाखाली दोर वळत होता. गेल्या वर्षी त्यानंही दुकानाला मध दिला होता. इंदुताईंनी हेमराजला पुन्हा फोन लावला आणि स्पीकरवर टाकून सुकलूपुढे धरला. बाया-माणसं गोळा झाली.

“भाऊ, आज तुमी मध काढला का?”

“सकाळपासून इथीच बसून हावो. चेष्टा करता का, बाई?”

“हेमराज, सुकलूभाऊच्या मधाच्या पानावर एक टिंब टाक.”

“टिंब? कशाला?”

“टाक म्हणलं ना.”

त्यानं टाकलं. इंदुताईंनी पान पुन्हा उघडून दाखवलं. सुकलूच्या नावाखाली, मध काढल्याची तारीख आजची. मागून एक म्हातारी म्हणाली, “गायता बसल्या जागी मध काढून राह्यला वं!” आणि सगळा मांडव हसला. सुकलू नाही हसला.

“कोण लिवते हे?” त्यानं फोनलाच विचारलं.

“कोणीच नाही, काका. आपोआप होते.”

“आपोआप मोह पडते, बापू. लिवाले माणूस लागते.” सुकलूनं दोर खाली ठेवला. “बाईच्या नावावर खोटं लिवलं, ते बी पंडुमाच्या तोंडावर. तिची टोपली देवापुढं बसन. दंड तुहा. कोंबडा घेऊन ये अन् तिच्यापुढं हात जोड.”

हेमराज एकदम गोड बोलायला लागला. “ताई, कोंबडा तिथंच घेऊन टाका ना. मी पैसे ऑनलाइन टाकतो.”

“नाई. तू ये. बसनं ये, उभा राहून ये, पण ये. अन् येण्याआधी वेचल्याच्या तारखेचा वेगळा कॉलम कर, ज्याले कोणाचा बाप आपोआप बदलवणार नाई.”

“पण ताई, त्याला सगळी रचना…”

“मले नाई समजत ते,” इंदुताई म्हणाल्या. “तुले समजते ना? मंग कर.”

इतका वेळ सोमारी खांबाला टेकून उभी होती. ती पुढे आली, फोनवर वाकली आणि बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडली.

“गावठी पायजे! फार्मचा आणशीन त तुह्यासकट परत धाडीन.”