चौदाव्या ग्रहाची लोकसंख्या

कविता हिलमनं चौदाव्या ग्रहाच्या रकान्यात शून्य टाकलं आणि पंधरावा ग्रह उघडला. रकाना आकडा मागत होता, तिनं आकडा दिला.

शहापूरच्या बाजारात भरतशेठच्या झेरॉक्सच्या दुकानात, मागच्या कॉम्प्युटरवर ती बसते. एरवी लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक. गेला महिनाभर मात्र ती ग्रह करत होती. ठाण्याच्या शेखर नावाच्या माणसानं एक खेळ काढलाय. पाच-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी अंतराळातले प्रवासी व्हायचं, फासे टाकायचे. ग्रहावर उतरलं की त्याचं माहितीपत्रक खेळाडूंच्या हातात पडतं. हवा कशी, पाणी किती, माणसं किती, नेण्यासारखं काय. असे चाळीस ग्रह. शेखर टिपणं पाठवायचा, त्यातनं पत्रक कवितानं रचायचं. पुस्तकावर नाव येणार होतं, 'मांडणी: कविता हिलम'. हिलम हे आडनाव तिनं आजवर छापलेलं पाहिलं होतं ते रेशनमधून वगळलेल्यांच्या यादीत.

त्याच दिवशी बाजाराला तिची आई रंभा आली. ती स्टुलावर टेकली, सुक्या मच्छीची पिशवी पायाशी ठेवली आणि पडद्यावरच्या तांबूस गोळ्याकडं बघत राहिली.

"ह्या काय गो, चांद?"

"ग्रह हाय. खोटा. खेळातला."

"वाच की मंग."

कवितानं नुकताच संपवलेला चौदावा परत उघडला आणि वाचत गेली. हवा चालण्यासारखी, पाणी जमिनीखाली, डोंगरात निळं लोखंड, लोकसंख्या शून्य.

"कोनीच ऱ्हात नाय?"

"ऱ्हातात. पावसाचे चार महिने. बाकीचे आठ महिने शेजारच्या चांदावर बर्फ फोडाया जातात. पोराबाळांसकट."

"मंग मोजाया कवा गेलते?"

कवितानं रकान्यातल्या शून्याकडं बघितलं.

त्यांच्या वाडीत बावीस घरं. दिवाळी झाली की सगळी भिवंडीकडं वीटभट्टीवर जातात. जाताना दाराला काटेरी फांदी आडवी बांधतात. म्हणजे आम्ही परत येणार आहोत, हात लावू नका. आगोटीला, पावसाच्या तोंडावर, येऊन सोडतात. एका माघात नळाच्या योजनेसाठी साहेब आला. त्यानं बावीस फांद्या बघितल्या. त्यांचा अर्थ विचारायचा तर गाव अर्ध्या मैलावर होतं. तेवढंही चालला नाही. वहीत लिहिलं, वस्ती निर्जन. नळ गावात येऊन थांबला. रंभा अजून ओढ्यात झरा उकरून हंडा भरते. त्या साहेबाच्या सात पिढ्या कवितानं उद्धरल्या होत्या. आणि आज टिपणात शून्याखालीच 'दोन हजार माणसं, चार महिने' असं धडधडीत लिहिलेलं असताना तिनं तेच केलं होतं. साहेब निदान उन्हात वाडीपर्यंत तरी आला होता.

तिनं शेखरला फोन लावला.

"चौदावा चुकलाय. लोकसंख्या शून्य नाय."

"शून्यच ठेव," शेखर म्हणाला. "मुद्दाम आहे ते. खेळाडू रिकामा ग्रह समजून खाण टाकतात. मग पावसाळा येतो आणि ते लोक परत येतात. जबरदस्त धक्का बसतो. गोष्ट चालवणाऱ्याच्या गुप्त पानावर आहे सगळं."

"म्हणजे ते जिवंत हायत हे गुप्त पानावर."

"अगं, गंमत आहे ती गोष्टीतली."

"कोणाची गंमत?"

"हे बघ, ग्रह खोटा आहे."

"ग्रह खोटा, पण वाचणारे खरे हायत ना? दोन हजार लिहा. आठ महिने कामाला बाहेर, परत येतात, तेपण लिहा. मग ज्याला खाण टाकायचीय त्यानं माहीत असून टाकू दे."

"गोष्टच मोडेल सगळी."

"मोडू दे."

शेखर माणूस वाईट नव्हता. कागदावरच्या माणसांकडं गोष्ट म्हणून बघायची सवय होती त्याला. "मग तेवढा मी दुसऱ्याकडून करून घेतो, कविता. पुस्तकावर नाव मात्र तुझं राहील, चाळीसही ग्रहांसाठी. चालेल?"

"लिही बाई शून्य," भरतशेठ काउंटरवरून म्हणाला. "कोण वाचतंय एवढं बारीक."

"काय म्हन्तो त्यो फोनवाला?" रंभानं विचारलं.

"म्हन्तो शून्य ऱ्हाऊ दे. खाली माझं नाव टाकतो."

रंभानं नाक मुरडलं. "भारीच हाय की मान."

कवितानं फोन ठेवला. शून्य खोडून रकान्यात टाइप केलं, 'सुमारे दोन हजार. आठ महिने कामाला बाहेर. परत येतात.' रकाना एक ओळीचा होता, मजकूर मावेना. तिनं लोखंडाचा रकाना लहान केला आणि हा वाढवला.

सगळी पत्रकं एकदम पाठवायची होती. चौदावं शेखर बदलणार हे तिला ठाऊक होतं. अडवण्याचा इलाज तिच्याकडं नव्हता. म्हणून तिनं शेवटचं पान उघडलं, 'मांडणी' या शब्दापुढचं आपलं नाव स्वतःच पुसलं, जागा कोरी ठेवली आणि पाठवून दिलं.