अल्काबाईचा खोकला

गोंदियात रेल्वे कॉलनीच्या मागे एक लहान चर्च आहे. तिथे रविवारी संध्याकाळच्या उपासनेत दोन गीतं चार आवाजांत गातात. आधी मरियेचं गीत, मग शास्त्रपाठ, मग म्हाताऱ्या शिमोनाचं गीत. चाल कोण्या साहेबाने बांधलेली, शब्द मराठी. गाणारे आठ जण. एप्रिलमध्ये सात उरले.

मरियेच्या गीताला पेटी असते. शिमोनाच्या गीतात पेटी गप्प. पहिली ओळ खालच्या आवाजाचा बेसवाला एकटा उचलतो आणि त्याच्या सुरावर बाकीचे चढतात. ती ओळ तीस वर्षं भोजराजची. तो रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. त्याला सूर लिहिता-वाचता येत नव्हते, पण तो सूर हवेतून उचलतो असं मंडळीत बोलत. तक्रार एकच होती. शेजारी उभी राहणारी त्याची बायको अल्का नेमकी त्याच्या ओळीआधी खोकायची.

"काऊन खोकलून राहतेस वं दर वेळी?" घरी जाताना तो सायकल हाती धरून विचारायचा.

"घसा हाय माहा. तुमचं काय जाते?"

एप्रिलमध्ये अल्का गेली. मे महिन्यात भोजराज पुन्हा गायला उभा राहिला. पहिल्या रविवारी त्याने ओळ इतकी वर घेतली की सगळ्यांत वरचा आवाज गाणाऱ्या सुशिलाबाईंचा आवाज फाटला. दुसऱ्या रविवारी इतकी खाली घेतली की त्यालाच पुढे जाता येईना.

पेटीवाले हिमांशू मास्तर म्हणाले, "भाऊ, मी एक पट्टी दाबतो. त्यावर उचला."

"तीस वर्षं पट्टी नाही लागली."

"मग या रविवारी पाहू. नाही जमलं तर पुढे साध्या चालीत सगळे मिळून म्हणू."

घरी भात शिजेपर्यंत भोजराजने ओळ दहा वेळा उचलली. ती दहा ठिकाणी लागली. बायको गेली, पण आपला गळा काऊन जावा, हे त्याला कळेना.

शनिवारी सरावाला चेतना आली. अल्काच्या जागी आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गायला नवी मुलगी. तिला अल्काचीच वही दिली होती.

"काका, इथे पेन्सिलने काही लिहिलंय. 'मरियेच्या गीतातला शेवटचा सूर सोडायचा नाही. पाठ संपला की खोकायचं. ह्यांना सांगायचं नाही.'"

सुशिलाबाई आपल्या वहीत पाहू लागल्या.

"तुमाले माहीत होतं?" भोजराजने विचारलं.

"साऱ्यायले माहीत होतं, भाऊ. तुम्हीच एकटे तिच्यावर खेकसत होते," सुशिलाबाई म्हणाल्या.

त्याने वही हातात घेतली. अक्षरं पुसट झाली की अल्काने तीच पुन्हा गिरवली होती. तो बाकावर बसला. म्हणजे शास्त्रपाठ चालायचा तेव्हा ती सूर तोंडात धरून बसायची आणि खोकल्यातून त्याच्या कानात घालायची. तीस वर्षांत तिने तो पाठ नीट ऐकला नसेल.

"काका, मी खोकू का?" चेतनाने विचारलं.

"नको, पोरी. तुह्याच्याने नाही व्हायचं. मले पाठ हाय तिचा खोकला."

रविवारी मरियेचं गीत संपलं. भोजराज खाली बसला आणि शेवटचा सूर त्याने मिटल्या ओठांत धरून ठेवला. पाळकांनी काय वाचलं ते त्याच्या कानात गेलं नाही. पाठ संपला, सगळे उठले. त्याने खाकरलं. आधी एक लहानसा ठसका आणि मागून लांबट हुंकार, अल्काचा असायचा तसा. मग त्याने ओळ उचलली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आता मला शांतीने जाऊ दे, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याची ओळ. सुशिलाबाई वर चढल्या, त्यांचा आवाज फाटला नाही.

बाहेर भोजराज सायकलचं कुलूप काढत होता. सुशिलाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन खोकलले हो, भाऊ?"

"घसा हाय माहा," तो म्हणाला आणि सायकल हाती धरून चालू लागला.