शेजारचं सक्शन

कालीबाईने लेकराला लुगड्यात बांधलंच होतं. छातीच्या वायरी अजून लोंबत होत्या.

"मी थांबाव नही, सिस्टर. ह्या डब्बावर मन्हा पोऱ्या घडी घडी मरस." ऊसतोडीला जाऊन शिकलेली अहिराणी तिची.

डबा म्हणजे ठोके मोजणारा मॉनिटर. मध्येच आकडा शून्यावर येई, शिट्टी वाजे. सुनिता सिस्टर धावत येऊन लेकराच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावी, "ठोके चालू शेतस" म्हणे. पण आईचा विश्वास आकड्यावर बसला होता. अपुऱ्या दिवसांचं ते पोर डोंगरातल्या घरी थंडीनेच गेलं असतं.

सिस्टरने चुडामणला बोलावलं. दवाखान्याची यंत्रं तोच बघायचा. शब्दांच्या बाबतीत मोठा चिक्कू. मॉनिटर तपासून त्याने दोनच खर्च केले. "चालू शे."

"मंग शून्य का दखाडस, चुडामणभाऊ?" सिस्टरने विचारलं.

तेवढ्यात शेजारचं बाळ गुदमरलं. सिस्टरने विजेच्या सक्शनचं पेडल दाबून घशातला कफ ओढला आणि इकडे शिट्टी वाजली. चुडामणची मान वळली. हे सक्शन त्यानेच परवा पास केलं होतं, आपल्या खोलीत, टेबलावर एकटं ठेवून. सासू गावाला गेलेली असताना सुनेचा स्वभाव जोखावा, तसं.

"हाई मोटर फिरनी की ठिणग्या उडतस. डब्बाले ठोकाच कळत नही."

कालीबाईला पटेना. त्याने शर्ट काढला. सिस्टरला लेकरावर नजर ठेवायला लावून त्याच्या छातीच्या वायरी स्वतःच्या छातीला चिकटवल्या.

"आते तू दाब."

कालीबाईने पेडल दाबलं. शून्य. शिट्टी.

"देख. मी मरी गऊ का?"

कालीबाईने त्याला खालून वर न्याहाळलं. "तुले तं घाम यी ऱ्हायना."

"मरेल मानूसले घाम येस का?"

तिने पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

"बस कर माय," सिस्टर म्हणाली, "त्याले घर बायको शे."

कालीबाई हसली, पदराआड.

सिस्टरने कपाटातलं बिनमोटरचं, नुसत्या पायाने चालणारं जुनं सक्शन काढलं. कालीबाईने लुगड्याची गाठ सोडली, लेकराला दिव्याच्या उबेत ठेवलं. सिस्टरने वायरी पुन्हा लावल्या. आकडा उजळला, पण कालीबाईने तिकडे पाहिलं नाही. तिने तळहात त्या चिमटीएवढ्या छातीवर ठेवला.

मोटरचं सक्शन उराशी धरून, शर्ट खांद्यावर टाकलेला चुडामण दारात थांबला होता. लेकराच्या श्वासाबरोबर कालीबाईचा हात वर येत होता, खाली जात होता.