तानुबाईचा कान

धुळ्याच्या हिलाल मिस्तरीची पांढरी टोपी दिवसातून दोनदाच उतरायची, आंघोळीला आणि झोपायला. बाकी वेळ टोपी डोक्यावर आणि तोंडात एकच वाक्य : "हिलालने बसवलेला दगड कुणाला परत उचलावा लागला असं दाखवा, धंदा सोडतो!" बढाई होती का? होतीच. पण बावीस वर्षांत तसं दाखवणारा कुणी निघाला नव्हता, आणि लोक त्याला काम द्यायचे ते याच वाक्याच्या भरवशावर.

त्यामुळे शिरपूरहून प्रेमराजचा फोन आला, "मिस्तरी, तुम्ही बसवलेल्या नव्या ओट्याला तडा गेलाय," तेव्हा हिलालच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला चहा तसाच ठेवून त्याने मोटारसायकलला लाथ मारली.

प्रेमराजचं घर नवंकोरं. चार दिवसांवर वास्तुशांत. त्या दिवशी त्याची आई तानुबाई पाहुण्यांना मांडे करून घालणार होती. तिचे मांडे म्हणजे मातीच्या खापरावर भाजलेले, रुमालासारखे पातळ, आणि त्यांची कणीक ती ओट्यावर अशी आपटायची की शेजारच्यांना कळायचं, आज तानुबाईकडे पुरण आहे.

प्रेमराजची बायको मयुरी दारातच उभी होती. ती त्याला थेट ओट्यापाशी घेऊन गेली. काळ्या ग्रॅनाइटवर शेगडीजवळ एक करडी रेघ होती, तिच्यावर तिने बोट ठेवलं.

"आम्हाला टोपी घातलीत तुम्ही, मिस्तरी!"

"टोपी मी स्वतःच्या डोक्यावर घालतो, ताई. दुसऱ्याला नाही घालत." हिलालने रेघेवरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. त्याने पाणी ओतलं, फडक्याने पुसलं. दगड लगेच कोरडा झाला. "तडा असता तर पाणी पिऊन रेघ काळी पडली असती. ही दगडाची नस आहे. तुमच्या हाताला नस आहे ना? मग त्याला का नको?"

मयुरीने स्वतः नख फिरवून बघितलं आणि ती ओशाळून हसली. हिलालने टोपी नीट केली. झालं, जिंकलो!

तेवढ्यात पाटावर बसून गहू निवडणारी तानुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी तं तवाच सांगी ऱ्हायनू, ती रेघ चांगली शे. मनं म्हननं दुसरंच शे," असं म्हणत तिने बोटाचं पेर वाकवलं आणि शेगडीपासून ओटा वाजवत निघाली. टण, टण, टण. सिंकच्या कोपऱ्याशी आवाज बदलला. थप.

"आयक. फुटेल शे."

"अक्का, सिंकसाठी दगड कापलेला असतो, तिथे आवाज बदलणारच."

तानुबाईने सिंकच्या दुसऱ्या कोपऱ्यावर पेर मारलं. टण. मग पुन्हा पहिल्यावर. थप. "पन्नास वरीस मांड्यासनं खापर वाजाडीसन इकत लेस मी. फुटेल खापर माले कोनी इकेल नही. तुले डोया शेतस, माले कान शेतस."

हिलाल वाकला. डोळे बारीक करून बघितलं, नख फिरवलं. काही नाही. दगड आरशासारखा चकचकीत. आता मात्र त्याचा पारा चढला. बावीस वर्षांचं काम काय खापर वाजवून तपासायचं?

"हातच्या कंकणाला आरसा कशाला? आणा हळद!" त्याने तांब्याभर पाण्यात हळद कालवली, कोपऱ्यावर फडक्याची पाळ करून त्यात ते पाणी साचवलं आणि डोक्यावरची टोपी काढून बरोबर त्याच्या खाली, सिंकखालच्या कप्प्यात ठेवली. "एक थेंब जरी उतरला ना अक्का, तर ही टोपी पुन्हा डोक्याला लावणार नाही!"

मयुरी दर दोन मिनिटांनी वाकून बघू लागली. "पी हळद अन् हो गोरी, असं नसतं व्हत, बाई," तानुबाई म्हणाली आणि पुन्हा गहू निवडायला बसली. चहा झाला. प्रेमराजशी कापसाच्या, पावसाच्या गप्पा झाल्या. हिलाल रंगात येऊन शिरपुरातल्या आपल्या ओट्यांची यादी सांगत होता, तेवढ्यात मयुरीने कप्प्यातून टोपी बाहेर काढली.

टोपीवर रुपयाएवढा पिवळा डाग पडला होता.

प्रेमराजच बिचारा मदतीला धावला. "खाणीतूनच तसा आला असेल, मिस्तरी. तुमचा काय दोष?"

वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण हिलालला तो दिवस आठवला. दगड टेम्पोत उभा बांधून आणायचा असतो. त्या दिवशी दोर आखूड पडला, उन्हाने जीव हैराण, 'एवढ्यात काय होतंय' म्हणून त्याने तो आडवा टाकला होता. नरडाण्याच्या पुढे खड्ड्यात टेम्पो आदळला आणि मागून बारीक आवाज आला, टिक. तो आवाज त्यानेही ऐकला होता. ऐकून तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षांचं वाक्य गेलं, आणि गेलं ते त्याच्याच आळसाने.

"खाणीचा दोष नाही, भाऊ," तो मोठ्याने म्हणाला, कारण हळू बोलणं त्याला जमतच नव्हतं. "हा मी फोडला. आडवा आणला, आवाज ऐकला आणि गप्प बसलो. उद्या उचलतो. आणि अक्का, नवा दगड निवडायला तुम्ही चला."

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या दगडाच्या वखारीत तानुबाई पेराने दगड वाजवत फिरली. मालक तोंडावर हात ठेवून हसत होता. पाच दगड तिने नाकारले, सहाव्यावर हात ठेवला. तो टेम्पोत उभा बांधला गेला आणि हिलाल दगडाला पाठ लावून मागेच बसला, उघड्या डोक्याने, भर उन्हात. ओळखीच्यांनी रस्त्यात विचारलं, "मिस्तरी, टोपी कुठे?" त्याने प्रत्येकाला सगळी हकिगत सांगितली, डागासकट.

वास्तुशांतीच्या सकाळी तानुबाईने नव्या ओट्यावर कणीक आपटली. घर दणाणलं, ओटा जागचा हलला नाही. एका पाहुणीने विचारलं, "ओटा कुनी बसाडा वं?"

"हिलालनी," तानुबाई म्हणाली. "फुटेल दगडले फुटेल म्हनस, असा मानूस शे."

दाराशी उभ्या हिलालने मान खाली घातली. तानुबाईने पिठाचे हात पुसले, फळीवरची टोपी काढली. तिने ती दोनदा धुतली होती, तरी हळद काही गेली नव्हती.

"घाल आते. ऊन शे."

"अक्का, मी शब्द दिलाय."

"शब्द तू देयेल शे. टोपी मी दी ऱ्हायनू."

हिलाल वाकला. तिने टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, पिवळा डाग बरोबर कपाळावर येईल अशी.