पळ

राजरत्नला घरूनच काम होतं. वरळीच्या चाळीतल्या एकुलत्या एका खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून, दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. त्यात साडेतीन वर्षांच्या मितूने पलंगावरून उडी मारली, ती जरा धावली, की पलीकडचं गिऱ्हाईक भडकायचं आणि हा पोरीवर खेकसायचा, "पळ इथून!" मग ती भिंतीशी जाऊन बसायची. मोबाइल हातात दिला की तासन्‌तास हलायचीसुद्धा नाही. किती गुणाची पोर, असं सगळी चाळ म्हणायची. डोंबलाची गुणाची!

एकदा दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी तिला दोन जिने चढायला लावले आणि भडकल्याच. "पायात जोर कुठाय हिच्या? या वयात पोरं दमेपर्यंत हुंदडायला हवीत. पळू द्या हिला!"

रविवारी सकाळी तो तिला जांबोरी मैदानात घेऊन गेला. क्रिकेटवाले अजून यायचे होते, सगळं मैदान मोकळं होतं. मितू त्याची पॅन्ट घट्ट धरून उभी राहिली. त्याने तिची बोटं सोडवली, थोडं लांब जाऊन हसत हाक मारली, "मितू, पळ!"

तिचा चेहरा उतरला.

"अगं, पळ ना!" तो आणखी मोठ्याने ओरडला.

"मी काय केलं, पप्पा?"

एवढं विचारून ती वळली, आणि चालत चालत मैदानाच्या कडेच्या भिंतीशी जाऊन, तोंडावर बोट ठेवून बसली.