शेजारचा ठिपका

संध्याकाळी सव्वासात, गच्ची. चष्मेवाल्याच्या वहीत नोंद: ताऱ्याच्या उजवीकडे फिकट ठिपका. ताऱ्यांच्या नकाशात नाही. सलग अकरावा दिवस.

ठिपका खरा निघाला, तर रविवारी तारे बघणाऱ्या मंडळींसमोर छाती फुगवून सांगायचं. खोटा निघाला, तर तेवीस वर्षं लोकांचे डोळे तपासणाऱ्याचं हसं. म्हणून आधी छडा लावायचा.

पहिला संशय दुर्बिणीवर. त्याने तिचं डोळ्याकडचं भिंग जागच्या जागी गोल फिरवलं. ठिपका हलला नाही.

सुटली बिचारी.

"अगं, ये जरा. किती दिसतात?"

बायको वाकली. "एक. किती दिसायला हवेत?"

"नीट बघ."

"अहो, नीटच बघते. तुम्ही धुतलेल्या ताटांवरचं खरकटं कुणाला दिसतं?"

उरला एकच संशयित, तोही घरचाच. त्याने मान कलती केली. ताऱ्याभोवती ठिपकाही तेवढाच कलला, इमानी कुत्र्यासारखा.

(इथे वहीत चार ओळी खोडल्या आहेत.)

"माझा डोळा," तो म्हणाला.

"मग चला खाली दुकानात. खुर्चीत बसा, मी तुमच्याकडून अक्षरांचा तक्ता वाचून घेते."

"तक्ता पाठ आहे मला. डोळे मिटून शेवटची ओळ म्हणू?"

ती हसली. मग हसायची थांबली. खाली जाऊन तपासणीच्या भिंगांची पेटीच घेऊन आली आणि आकाशाकडे बोट दाखवत म्हणाली, "हा तर पाठ नाही ना?"

दुर्बीण आणि त्याचा डोळा यांच्या मधल्या फटीत तिने भिंग धरलं.

"हे बरं, की हे?" हुबेहूब त्याचा दुकानातला सूर.

"पहिलं. जरा फिरव. अजून. थांब!"

ठिपका ताऱ्यात शिरला. उरला एकच तारा, सुईच्या टोकाएवढा.

"गेला?"

"गेला."

"वाईट वाटलं?"

तो वहीची मागची पानं उलटत होता. गेल्या वर्षीची नोंद सापडली: नकाशात जोडतारा दाखवलाय, मला एकच दिसतो. नकाशा चुकला असावा.

"भिंग तसंच धर," तो दुर्बीण वळवत म्हणाला. "नकाशाची माफी मागावी लागणार बहुतेक."

"लवकर मागा, हात अवघडलाय. किती दिसतात?"

"दोन." तो घाईने बाजूला झाला. "पण वहीत लिहायच्या आधी तू मोज."